जुना विंडोज मोबाइल फोन आज सिंक होतो, उद्या होत नाही: बिघाड नेमका कुठे शोधायचा

तक्रार सगळ्यांची एकाच वाक्यात मावते: "काल झालं होतं, आज होत नाही." फोन तोच, केबल तीच, संगणक तोच. काल रात्री ॲक्टिव्हसिंकचं, म्हणजे फोनमधल्या नोंदी संगणकाशी जुळवणाऱ्या प्रोग्रामचं, गोल चिन्ह हिरवं झालं होतं, आज ते करडंच राहतं. मग माणूस ॲक्टिव्हसिंक काढून पुन्हा टाकतो, संगणक रीस्टार्ट करतो, फोन रीसेट करतो, चिडून केबल दुसऱ्या भोकात खुपसतो, आणि एकदाचं ते चालू होतं. यातल्या कशामुळे चालू झालं ते कळत नाही. चार दिवसांनी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

मी हे जवळजवळ वर्षभर केलं. ॲक्टिव्हसिंक किती वेळा काढून टाकलं याची मोजदाद सोडून दिली होती. शेवटी एकदा वही घेऊन बसलो आणि दर वेळी बंद पडल्यावर आधी काय बदललं होतं ते लिहीत गेलो. तेव्हा लक्षात आलं, की मी एकाच बिघाडाच्या मागे लागलेलोच नव्हतो. तीन वेगवेगळे बिघाड होते आणि तिघांचाही चेहरा सारखाच: करडं वर्तुळ.

माझ्याकडचा फोन विंडोज मोबाइल ५.० चा, म्हणजे २००५ मध्ये आलेल्या आवृत्तीचा, आणि घरचा संगणक विंडोज एक्सपीचा. त्यावर ॲक्टिव्हसिंक ४.५, ही २००७ सालची आणि एक्सपीसाठीची शेवटची. विंडोज मोबाइल ६ लाही खालचं बहुतेक सगळं जसंच्या तसं लागू आहे. व्हिस्टापासून पुढे ॲक्टिव्हसिंक चालत नाही, तिथे विंडोज मोबाइल डिव्हाइस सेंटर लागतं. त्याचं दुखणं निराळं आहे, त्याकडे नंतर येतो. पाम आणि नोकियावाल्यांसाठीही दोन शब्द आहेत, पण दोनच.

आधी पायरी ओळखा

त्या हिरव्या वर्तुळाच्या मागे तीन कामं एकावर एक रचलेली असतात. सर्वांत खाली तार: विजेच्या पातळीवर फोन आणि संगणक एकमेकांना दिसतात का. त्याच्यावर जाळं: दोघांना एकमेकांचा पत्ता मिळतो का आणि मधे कुणी दार अडवून उभं नाही ना. सर्वांत वर नोंदींचा मेळ: कुठला संपर्क नवा, कुठला बदललेला, कुठला पुसलेला. ॲक्टिव्हसिंक यातलं काय बिनसलं ते सांगत नाही, फक्त जोडलेलं नाही म्हणतं. म्हणून काहीही काढून टाकण्याआधी दोन मिनिटं तपासणीला द्या.

केबल लावल्यावर संगणकाने नवं उपकरण जोडल्याचा आवाज केला का? डिव्हाइस मॅनेजर उघडून नेटवर्क अडॅप्टरच्या यादीत विंडोज मोबाइल नावाचं काही आलं का? आवाजही नाही आणि यादीत नावही नाही, तर दोष तारेत. नाव आहे पण वर्तुळ करडं, तर दोष जाळ्यात. वर्तुळ हिरवं होतं पण सिंक मधेच अडकतं, किंवा एकेक नाव तीनतीनदा दिसायला लागतं, तर दोष नोंदींत. इतकं कळलं की निम्मं काम झालं, कारण तारेच्या दोषावर फोन रीसेट करणं म्हणजे दाढ दुखते म्हणून चष्मा बदलणं.

तार

इथे फार रेंगाळायचं कारण नाही. यूएसबीच्या केबलमध्ये चार तारा असतात, दोन विजेच्या आणि दोन माहितीच्या. चार्जरबरोबर आलेल्या स्वस्तातल्या केबलींत माहितीच्या दोन तारा कित्येकदा जोडलेल्याच नसतात. फोन चार्ज होतोय, म्हणजे केबल चांगली आहे, असं मानू नका. दुसऱ्या केबलने कॅमेरा किंवा इतर काही याच पोर्टवर चालतं का ते बघा.

वीज हे दुसरं कारण. संगणकाचं यूएसबी २.० पोर्ट जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर देतं. स्वतःचा ॲडॉप्टर नसलेला हब (एका पोर्टाची अनेक पोर्ट करणारी डबी) मात्र प्रत्येक पोर्टला १०० मिलिअँपिअरच देऊ शकतो. बॅटरी उतरलेला फोन अशा हबवर लावला, त्यात मधेच कॉल आला, की फोन क्षणभर तुटतो आणि पुन्हा जोडला जातो. सिंक तेवढ्यात मरतं. फोन थेट संगणकाच्या मागच्या पोर्टला लावा. पुढच्या बाजूची पोर्ट आतून एका लांब वायरीने मदरबोर्डाला जोडलेली असतात आणि ती वायर कधीकधी ढिली असते.

तिसरं कारण, रात्री नीट असलेलं सकाळी बंद पडण्याचं: विंडोज वीज वाचवण्यासाठी यूएसबी हब झोपवतं आणि जुना फोन त्या झोपेतून नीट उठत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हब, त्याच्या गुणधर्मांत पॉवर मॅनेजमेंट, तिथे वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याच्या परवानगीची खूण काढून टाका. रूट हब चार-पाच असतात, सगळ्यांची काढा.

जाळं: खरी गोम इथे आहे

विंडोज मोबाइल २००३ पर्यंतचे फोन यूएसबीवरून सीरियल पोर्टसारखे, म्हणजे जुन्या मोडेमच्या तारेसारखे, बोलायचे. ५.० पासून हा प्रकार बदलला. फोन केबलने लावला की तो संगणकाला स्वतःची ओळख नेटवर्क कार्ड म्हणून करून देतो. म्हणजे केबल यूएसबीची असली तरी आतून चालतं ते नेटवर्क. फोनला १६९.२५४.२.१ हा पत्ता मिळतो आणि संगणकाच्या त्या आभासी कार्डाला १६९.२५४.२.२. मोठ्या फाइली चढवायला ही पद्धत जुन्यापेक्षा पुष्कळ वेगवान आहे. पण नेटवर्क म्हटलं की नेटवर्कची सगळी दुखणी मागोमाग आली: फायरवॉल (अनोळखी जोडण्या अडवणारा पहारेकरी प्रोग्राम), व्हीपीएन (दूरच्या जाळ्याशी खासगी वाट जोडणारा प्रोग्राम), पत्त्यांचे घोळ.

माझी पहिली चूक इथलीच. नेटवर्कचं थोडंफार कळणाऱ्या माणसाला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला की तो म्हणतो, अरे, याला डीएचसीपीकडून, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून, पत्ताच मिळाला नाही. घरच्या राउटरच्या बाबतीत ते खरंही असतं, कारण कुणी पत्ता दिला नाही की संगणक याच मालिकेतला पत्ता स्वतःला लावून घेतो. मी शहाणपणा करून त्या कार्डाला हाताने घरच्या जाळ्यातला पत्ता टाईप करून दिला. त्यानंतर दोन आठवडे फोन एकदाही जोडला गेला नाही आणि मी केबलला शिव्या देत बसलो. त्या कार्डाचा पत्ता आपोआप मिळवा यावरच ठेवा. कमांड विंडोत आयपीकॉन्फिग चालवल्यावर १६९.२५४.२.२ दिसला, तर तो बिघाड नाही, सगळं सुरळीत असल्याची ती खूण आहे.

पत्ता बरोबर आणि वर्तुळ करडं, असं असेल तर फायरवॉलकडे वळा. ॲक्टिव्हसिंकला आत येणारी टीसीपी पोर्ट (ही यूएसबीची भोकं नव्हेत, नेटवर्कवरची क्रमांक दिलेली दारं) लागतात ९९०, ९९९, ५६७८, ५७२१ आणि २६६७५, आणि बाहेर जाणारं यूडीपी ५६७९. एक्सपीची स्वतःची फायरवॉल सहसा त्रास देत नाही, कारण ॲक्टिव्हसिंक बसतानाच तिच्यात अपवाद नोंदवतं. त्रास देतात त्या वेगळ्या विकत घेतलेल्या किंवा फुकट उतरवलेल्या सुरक्षा संचातल्या. त्यांना पोर्टांऐवजी प्रोग्रामांची ओळख करून दिलेली जास्त सोयीची. ॲक्टिव्हसिंकच्या फोल्डरमधले डब्ल्यूसीईएसकॉम, रॅपीएमजीआर आणि डब्ल्यूसीईएसएमजीआर हे तिन्ही विश्वासाच्या यादीत घाला. एक जरी राहिला तरी जोडणी अर्धी होते आणि तुटते.

पण यादीत घातल्यावरही माझं पुन्हा पुन्हा बंद पडतच होतं. ते का, हे वहीमुळे सापडलं. ज्या ज्या दिवशी बंद पडलं, त्या त्या दिवशी मी फोन वेगळ्या पोर्टला लावला होता. कधी मागे, कधी पुढे, कधी पेन ड्राइव्ह काढून त्याच्या जागी. यूएसबी उपकरणाने आपला स्वतंत्र अनुक्रमांक नीट कळवला नाही, तर विंडोज त्याला पोर्टावरून ओळखतं. पोर्ट बदललं की तेच उपकरण त्याच्या लेखी नवं. माझा फोन त्यातलाच निघाला. दर नव्या पोर्टला एक नवं नेटवर्क कार्ड तयार होत होतं, जोडणी २, जोडणी ३, जोडणी ४, आणि माझी सुरक्षा संचातली फायरवॉल प्रत्येक नव्या कार्डाला अनोळखी जाळं समजून गप्प अडवत होती. विचारतही नव्हती, कारण कधीतरी वैतागून मी तिला पुन्हा विचारू नकोस अशी खूण करून ठेवली होती.

म्हणूनच ॲक्टिव्हसिंक काढून पुन्हा टाकल्यावर चालतं असं वाटायचं. त्या खटाटोपात फायरवॉल नव्याने प्रश्न विचारायची, मी हो म्हणायचो, आणि श्रेय मिळायचं ते पुनर्स्थापनेला. उपाय अगदी घरगुती आहे. एक पोर्ट ठरवा, त्यावर कागदाची चिठ्ठी चिकटवा, फोन त्यालाच लावा. दुसरा भक्कम उपाय म्हणजे फायरवॉलमध्ये कार्डाऐवजी १६९.२५४.२ ने सुरू होणारी पत्त्यांची मालिकाच विश्वासू म्हणून नोंदवणं. मी दोन्ही केलं आणि तिथून पुढे जाळ्याचा त्रास संपला.

ज्यांच्या फायरवॉलमध्ये हे जमत नाही किंवा संगणक कार्यालयाचा असल्याने हात लावायला मिळत नाही, त्यांच्यासाठी एक आडवाट आहे. फोनवर सेटिंग्ज, कनेक्शन्स, त्यात यूएसबी टू पीसी. तिथे प्रगत नेटवर्क सुविधेची एक चौकट असते, तिच्यातली खूण काढा, केबल काढून पुन्हा लावा. फोन जुन्या सीरियल पद्धतीने बोलायला लागतो आणि फायरवॉलची बरीचशी कटकट टळते. मोबदल्यात वेग जातो. संपर्क आणि भेटी यांना तो फरक जाणवत नाही, गाणी चढवताना मात्र जाणवतो. सगळ्या फोनांवर ही चौकट नसते. तुमच्यावर नसेल तर ही वाट बंद.

व्हीपीएनचा प्रोग्राम चालू असेल तर तो आधी थांबवून बघा. काही व्हीपीएन जोडलेले असताना बाकीच्या सगळ्या नेटवर्क कार्डांचं तोंड बंद करतात, आणि फोन हे त्यांच्या दृष्टीने बाकीच्यांपैकी एक कार्डच. इंटरनेटची वाहतूक मधे थांबवून तपासणारे काही प्रोग्रामही असाच घोळ घालतात. ते बंद करून पुरत नाही, कधीकधी काढूनच टाकावे लागतात.

आणि घाईत असाल तर रीस्टार्टऐवजी हे करा: केबल काढा, टास्क मॅनेजरमधून डब्ल्यूसीईएसकॉम आणि रॅपीएमजीआर या दोन्ही प्रक्रिया संपवा, ॲक्टिव्हसिंक पुन्हा उघडा, केबल लावा. अर्ध्या मिनिटात तेच फळ मिळतं. हा इलाज नव्हे, वेळ मारून नेणं आहे, पण रात्री साडेअकराला तेवढंही पुष्कळ असतं.

केबलीचाच कंटाळा आला असेल तर ब्लूटूथवरून सिंक होतं. संगणकावर ब्लूटूथचं आत येणारं सीरियल पोर्ट तयार करून ॲक्टिव्हसिंकच्या जोडणी सेटिंगमध्ये ते निवडायचं. संथ आहे, पण एकदा बसलं की मुकाट चालतं. वाय-फायवरून मात्र प्रयत्न करू नका. ॲक्टिव्हसिंक ३.७ आणि ३.८ मध्ये ते होतं, सुरक्षेच्या कारणासाठी ४.० पासून काढून टाकलं. जुन्या लेखांत अजून त्याचे सल्ले सापडतात आणि लोक तासन्‌तास ती सेटिंग शोधत बसतात.

वर्तुळ हिरवं, पण सिंक होईना

इथे आल्यावर एक गोष्ट आधी करा, बाकी सगळं नंतर: आउटलुक बंद करून त्याच्या पीएसटी फाइलची (त्याच्या सगळ्या नोंदी हिच्यातच असतात) प्रत दुसरीकडे ठेवा. पुढचे सगळे उपाय नोंदी पुसू शकतात.

आउटलुक म्हणजे ऑफिसबरोबर येणारं खरं आउटलुक. आउटलुक एक्सप्रेसशी ॲक्टिव्हसिंक संपर्क आणि भेटींचा मेळ घालत नाही, नाव सारखं असल्याने हा गोंधळ फार होतो. आउटलुक २००२ किंवा त्याआधीचं असेल तर पीएसटी फाइलचा आकारही बघा. तिची मर्यादा २ जीबी आहे, आणि ती भरली की नवी नोंद आत जात नाही.

सिंक दर वेळी एकाच आकड्याला अडकत असेल, समजा २१२ पैकी ३७, तर बहुधा एखादी नोंद खराब आहे. माझ्याकडे ती एक दर आठवड्याची भेट निघाली. शेवटची तारीख नसलेली, मधले काही दिवस पुसलेले, काहींची वेळ बदललेली. ती कशी शोधायची? निम्म्याने. आधी ॲक्टिव्हसिंकच्या पर्यायांत फक्त संपर्क ठेवा, बाकीच्या खुणा काढा. झालं तर संपर्क निर्दोष. मग फक्त कॅलेंडर. अडकलं तर आउटलुकमध्ये तात्पुरता फोल्डर करून निम्म्या भेटी तिकडे हलवा आणि पुन्हा सिंक करा. अडकलं नाही तर दोषी नोंद हलवलेल्या निम्म्यात. त्यातल्या निम्म्या परत आणा. दोनशे नोंदींत आठ फेऱ्यांत गुन्हेगार हाताला लागतो. ती भेट पुसून नव्याने लिहा, दुरुस्त करत बसू नका.

निम्म्यानिम्म्याने काहीच सापडलं नाही, तर मेळाचा हिशोब ठेवणारी फाइलच बिघडली असण्याचा संभव आहे. फोनवरची कुठली नोंद म्हणजे आउटलुकमधली कुठली, याची जुळणी ॲक्टिव्हसिंक एका फाइलीत ठेवतं. तुमच्या वापरकर्ता फोल्डरमध्ये, ॲक्टिव्हसिंकच्या प्रोफाइल्समध्ये, फोनच्या नावाच्या फोल्डरात असते, नाव रेपल डॉट डॅट. सिंक चालू असताना केबल ओढली की हिचाच बळी जातो. ती पुसण्यापेक्षा फोन आणि संगणक यांची जोडीच मोडून नव्याने बांधणं बरं. संगणकावर ॲक्टिव्हसिंकच्या फाइल मेनूतून फोन काढून टाका, फोनवरही ॲक्टिव्हसिंकच्या पर्यायांतून तो संगणक काढा.

आता सर्वांत धोक्याची जागा. जुळणीची फाइल गेली म्हणजे दोन्हीकडच्या नोंदी एकमेकींना ओळखेनाशा झाल्या. अशा वेळी दोन्हीकडचं एकत्र करा असं सांगितलंत तर एकेका माणसाची दोन-दोन नावं होऊ शकतात, आणि हाच प्रकार तीनदा केलात तर आठ-आठ. लोक ज्याला डुप्लिकेटची साथ म्हणतात ती बहुतेक वेळा अशीच, आपल्याच हाताने येते. म्हणून जोडी पुन्हा बांधण्याआधी ठरवा, खरं कुठलं: आउटलुकमधलं की फोनमधलं. बहुतेकांसाठी आउटलुकमधलं. मग फोनवरच्या नोंदी पूर्ण रिकाम्या करा आणि भरलेल्या बाजूकडून रिकाम्या बाजूकडे सिंक होऊ द्या. ओळखण्याचा प्रश्नच उरत नाही.

जोडी बांधताना फोनला स्वतःचं वेगळं नाव द्या. सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट, तिथे डिव्हाइस आयडी. घरात दोन फोन असतील आणि दोघांची नावं कारखान्यातून आली तशीच असतील, तर संगणक त्यांची गल्लत करतो. एक फोन जास्तीत जास्त दोन संगणकांशी जोडी करू शकतो, तिसऱ्याशी बांधायला गेलात तर आधीची एक सोडावी लागते. दोन संगणक, दोन्हींवर आउटलुक, आणि फोन निरोप्यासारखा मधे, ही रचना कागदावर छान दिसते. पण दोन्ही संगणक आणखी कुठल्या मार्गाने एकमेकांशी जुळत असतील तर नोंदी गोल फिरून परत येतात. मी तरी कुणाला ती सुचवणार नाही.

काही तक्रारी बिघाड नसतातच. जुन्या भेटी फोनवरून गायब झाल्या? कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये मागचे किती आठवडे ठेवायचे ते ठरलेलं असतं, सहसा दोन. त्याआधीच्या आउटलुकमध्ये सुखरूप असतात. सगळे वाढदिवस एक दिवस मागे किंवा पुढे सरकले? फोन आणि संगणक यांचे टाइमझोन वेगळे आहेत. पूर्ण दिवसाची भेट आतून मध्यरात्र ते मध्यरात्र अशी साठवलेली असते, आणि टाइमझोन काही तासांनी सरकला की ती दोन दिवसांवर पसरते. फोन हार्ड रीसेट झाल्यावर, म्हणजे पूर्ण कोरा केल्यावर, टाइमझोन आणि तारीख कारखान्यातून आली तशी होतात, म्हणून पहिल्या सिंकच्या आधी घड्याळ लावायचं, नंतर नाही.

देवनागरीत नावं लिहिणाऱ्यांसाठी एक खास सूचना. सिंक झाल्यावर फोनवर नावांऐवजी चौकोन दिसले तर घाबरू नका, फोनमध्ये ती अक्षरं दाखवणारा फाँट नाही इतकंच. आतली नोंद शाबूत असते. मात्र फोनवर ती नावं सुधारायला जाऊ नका, नाहीतर पुढच्या सिंकला तुमचे चौकोन आउटलुकमध्ये उतरतील. चौकोनांऐवजी प्रश्नचिन्हं दिसली तर मात्र प्रकरण गंभीर आहे. याचा अर्थ वाटेत कुठेतरी, बहुधा युनिकोड नसलेल्या जुन्या पीएसटी फाइलीत, अक्षरं खरोखरच गेली आहेत. तिथून ती परत येत नाहीत, मघाची प्रत लागेल. आउटलुक २००३ पासून युनिकोडची पीएसटी करता येते, पण जुनी फाइल आपोआप बदलत नाही. नवी करून नोंदी तिच्यात आणाव्या लागतात.

विंडोज मोबाइल २००३ चा फोन वापरत असाल तर तुमच्यासाठी सिंक ही चैन नाही. त्या फोनांत तुमच्या नोंदी बॅटरीवर जगणाऱ्या मेमरीत असतात. बॅटरी पूर्ण उतरली की फोन कोरा. ५.० पासून नोंदी कायमस्वरूपी मेमरीत गेल्या. २००३ वाल्यांनी फोन महिनाभर खणात ठेवला असेल, तर तो लावल्यावर ॲक्टिव्हसिंकने विचारलेल्या पहिल्या प्रश्नाला डोळे मिटून हो म्हणू नये. फोन रिकामा आहे आणि आउटलुक भरलेलं आहे हे आधी डोळ्यांनी बघून घ्यावं.

विंडोज १० वर डिव्हाइस सेंटर उघडतच नाही

व्हिस्टा आणि विंडोज ७ वर डिव्हाइस सेंटर ६.१ निमूट चालतं. विंडोज १० वर २०१७ च्या १७०३ या अद्ययावतीनंतर पुष्कळांचं बंद पडलं: प्रोग्राम उघडतो, त्याचं चित्र दिसतं आणि तिथेच थिजतो. कारण गमतीशीर आहे. डिव्हाइस सेंटरच्या दोन सेवा एकाच होस्ट प्रक्रियेत शेजारी शेजारी बसतील, असं धरून लिहिलेल्या आहेत. १७०३ पासून साडेतीन जीबीपेक्षा जास्त मेमरी असलेल्या संगणकांवर विंडोज प्रत्येक सेवेला वेगळ्या प्रक्रियेत बसवायला लागलं. शेजार तुटला आणि दोघी मुक्या झाल्या.

इलाज रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या कोठारात, आहे, म्हणून आधी रजिस्ट्रीची प्रत घ्या. लोकल मशीन, सिस्टिम, करंट कंट्रोल सेट, सर्व्हिसेस इथपर्यंत जा. तिथे रॅपीएमजीआर आणि डब्ल्यूसीईएसकॉम अशा दोन किल्ल्या दिसतील. दोन्हींत एसव्हीसी होस्ट स्प्लिट डिसेबल या नावाची, सगळे शब्द सलग जोडून, ३२ बिटांची नवी डीवर्ड नोंद करा आणि तिची किंमत १ ठेवा. संगणक रीस्टार्ट करा. एवढ्यावर बहुतेकांचं काम होतं. नाही झालं तर सर्व्हिसेसच्या यादीत विंडोज मोबाइल नावाने सुरू होणाऱ्या दोन्ही सेवा शोधून, लॉग ऑनमध्ये लोकल सिस्टिम खातं निवडून बघा. विंडोजची मोठी अद्ययावत आली की या नोंदी जागेवर आहेत ना ते तपासायचं.

कुणी म्हणेल, केबल कशाला, हवेतून सिंक करा. एके काळी ते झकास चालायचं. गूगलने २००९ मध्ये अशा फोनांसाठी तशी सोय दिली होती, पण ३० जानेवारी २०१३ पासून फुकट खात्यांवर नवे फोन जोडणं बंद केलं. शिवाय आजचे सर्व्हर मागतात ती नवी कूटबद्धता या फोनांना येत नाही. त्यामुळे केबल किंवा ब्लूटूथ, याला पर्याय नाही.

पाम आणि नोकिया

पामच्या ट्रिओ फोनला ॲक्टिव्हसिंकऐवजी हॉटसिंक हा पामचा स्वतःचा प्रोग्राम लागतो आणि त्याचा नेहमीचा अडथळा एकच: ६४ बिटांच्या विंडोजसाठी पामने यूएसबी ड्रायव्हर काढलाच नाही. ब्लूटूथने जोडा, तिथे तो ड्रायव्हर लागत नाही. हॉटसिंकला वापरकर्त्याचं नाव विचारलं की तेच जुनं नाव द्या. नवं दिलंत तर नवा, रिकामा वापरकर्ता तयार होतो.

नोकियाच्या एस६० फोनांत केबल लावल्यावर फोन विचारतो, कसं जोडायचं. तिथे पीसी सूट, म्हणजे नोकियाचा सिंकचा प्रोग्राम, निवडायचं. मास स्टोरेज निवडलंत तर फक्त मेमरी कार्ड दिसतं आणि पीसी सूट फोन सापडत नाही म्हणत राहतं. एकदा निवडलेला पर्याय फोन लक्षात ठेवू शकतो, म्हणून पुढच्या वेळी विचारलंच नाही तर कनेक्टिव्हिटीच्या सेटिंगमध्ये जाऊन बदला.

आणि यातलं काहीच लागू पडलं नाही, फोन अखेरच्या घटका मोजतोय आणि नावं तेवढी वाचवायची आहेत, तर विंडोज मोबाइलमध्ये संपर्क उघडून मेनूतून बीम निवडा आणि ब्लूटूथने दुसऱ्या कुठल्याही फोनवर पाठवा. सिमवर कॉपी केलीत तर नाव आणि नंबर एवढंच टिकतं, पत्ता, वाढदिवस, टिपणं सगळं गळून पडतं. बीममध्ये पत्तेही जातात. माझ्या आधीच्या फोनचा यूएसबीचा खाचा तुटला तेव्हा मी हेच केलं. एकेक नाव, एकेक होकार. दोनशे दहा नावांना दोन रात्री लागल्या.